आई दाखवा, नाहीतर धंदा बंद करा

शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, बिल्डिंगच्या गच्चीवर, भाड्याच्या फ्लॅटच्या बाथरूममध्ये माद्या कोंडून त्यांची पिल्लं विकणाऱ्या प्रत्येकाला ही जाहीर ताकीद आहे. येत्या दसऱ्यापर्यंत रीतसर नोंदणी करा, नाहीतर पिल्लं काढणं थांबवा. तिसरा रस्ता ठेवलेला नाही. दसराच का, तर त्यानंतर दिवाळीचं बुकिंग सुरू होतं, पाठोपाठ नाताळचं, आणि मग माझ्या दवाखान्यात रक्ताची हगवण लागलेली पिल्लं एकामागून एक यायला लागतात. यंदा ती रांग मला नको आहे.

मी पुणे जिल्ह्यात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतो. या धंद्याची दोन्ही टोकं माझ्या टेबलावर येतात. एक म्हणजे नुकतंच विकलं गेलेलं पिल्लू आणि दुसरं म्हणजे पिल्लं देऊन संपलेली आई. मधलं जे शेड असतं ते मला सहसा कुणी दाखवत नाही. त्याची गरजही पडत नाही, जनावराच्या अंगावर सगळं दिसतं.

आधी आईबद्दल बोलतो, कारण गिऱ्हाईक तिला कधी बघतच नाही. "डॉक्टर, हिचं वय झालंय, आता ठेवायची नाही, कुणाला हवी असेल तर द्या," असं म्हणून ज्या लॅब्रॅडॉर, पग, शिट्झू माद्या सोडून दिल्या जातात, त्यांना मी पायांपासून तपासतो. जन्मभर जाळीवर उभं राहून बोटं फाकलेली असतात. नखं झिजायला जमीनच मिळालेली नसते, म्हणून ती वाढत वाढत वळतात आणि पंजाच्या गादीत घुसतात. कोपरांवर घट्टे. मुतात बसून बसून पोटाखालची कातडी लाल, जागोजागी सोललेली. कानात गोचिडांचे झुपके, आणि हिरड्या पाहाव्यात तर पांढऱ्याफटक, म्हणजे गोचीड ताप अंगात मुरलेला. पुढचे दात पिंजऱ्याचे गज चावून चावून खुंटलेले. सड लोंबलेले, आणि त्यांवरून हात फिरवला की एखादी गाठ लागतेच. मालक जिला म्हातारी म्हणतो, ती बहुतेक वेळा पाच-सहा वर्षांची असते. लॅब्रॅडॉर नीट ठेवला तर दहा-बारा वर्षं जगतो.

अशीच एक मादी दवाखान्यामागच्या अंगणात सोडली होती. चार पावलं चालायची आणि वळायची, पुन्हा चार पावलं, पुन्हा वळायची. अंगण मोकळं होतं, फाटकापर्यंत जायला कुणी अडवलं नव्हतं. तिचा पिंजरा तेवढाच असणार.

हे कसं होतं याचा हिशोब अवघड नाही. मादी साधारण सहा महिन्यांनी माजावर येते. गाभणपणाचे सुमारे ६३ दिवस, मग महिना-सव्वा महिना पिल्लं पाजायची. उरलेल्या अडीच महिन्यांत अंगावर मांस धरायच्या आत पुढचा माज येतो, आणि शेडवाला तो माज वाया जाऊ देत नाही. वर्षाला दोन वेतं. पिल्लं पाजताना अंगातलं कॅल्शियम उतरतं, मादी थरथर कापायला लागते, झटके येतात. ते शेडवर कुणाच्या लक्षात येईपर्यंत सकाळ झालेली असते. माज लवकर यावा किंवा पुढे ढकलावा म्हणून हार्मोनची इंजेक्शनं मेडिकलमधून आणून परस्पर टोचली जातात, आणि काही महिन्यांनी गर्भाशयात पू भरलेली मादी माझ्याकडे येते. आली तर. बऱ्याच जणींसाठी ऑपरेशनचा खर्च पुढच्या वेताच्या कमाईत बसत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका, कारण "आम्हाला माहीत नव्हतं" हे उत्तर मी फार वेळा ऐकलंय. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यासाठी केंद्र सरकारने २०१७ च्या मे महिन्यात स्वतंत्र नियम काढले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि प्रमाणपत्र जागेवर दिसेल असं लावायचं. दर दोन वर्षांनी नूतनीकरण. दीड वर्षाच्या आतल्या मादीला लावायचं नाही, आठ वर्षांनंतर लावायचं नाही. वर्षात एकच वेत, आणि आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकताना मायक्रोचिप बसवलेली हवी, आणि पावती हवी. पेट शॉपवाल्यांसाठी २०१८ चे वेगळे नियम आहेत, तिथेही आठ आठवड्यांची तीच अट आहे. परदेशातून पैदाशीसाठी कुत्री आणायला एप्रिल २०१६ पासून बंदी आहे, त्यामुळे "इम्पोर्टेड आईबाप" अशी जाहिरात दिसली की आधी कागद मागा, कौतुक नंतर करा.

नियम चांगले आहेत. त्यांच्यामागचा दंड मात्र हास्यास्पद आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड आहे. आज पन्नास रुपयांत कुत्र्याचा पट्टाही येत नाही. मुंबईत प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था उभी राहिली १८७४ मध्ये, आणि परळचं बैलघोड्याचं हॉस्पिटल १८८३ पासून जनावरं बरी करतंय. दीडशे वर्षांची ही परंपरा मिरवणाऱ्या राज्यात एक मादी सडवण्याची किंमत आपण पन्नास रुपये ठेवून घेतली, याची लाज सरकारइतकीच आपल्यालाही वाटायला हवी.

पण शेडवाल्यांनो, पन्नास रुपयांच्या भरवशावर राहू नका. तीन वर्षांच्या आत दुसऱ्यांदा सापडलात तर त्याच कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. जनावर मारलंत, विष घातलंत किंवा अपंग केलंत, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वेत वाढवायची ताकद संपली म्हणून मादी गोणीत घालून घाटात सोडून येणारे, आणि न खपलेल्या पिल्लांचं काय केलं ते सांगायला तयार नसणारे लोक या परिसरात आहेत. ते हा लेख वाचत असतील, तर हा परिच्छेद त्यांच्यासाठी आहे.

आता पिल्लू. गिऱ्हाईक ते छातीशी धरून आणतं, सोबत एक गुळगुळीत लसीकरण कार्ड असतं आणि चेहऱ्यावर आनंद. "चाळीस दिवसांचं आहे, सगळे डोस झालेत म्हणाले." मी कार्ड उघडतो. पहिल्या रकान्यात स्टिकर, दुसऱ्यात स्टिकर, तिसऱ्यात रेबीजचंही स्टिकर. खाली एक शिक्का, त्यात डॉक्टरचं नाव पुसट आणि नोंदणी क्रमांक गायब.

हे कार्ड खोटं आहे हे ओळखायला पशुवैद्य व्हायची गरज नाही. आईच्या चिकातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असेपर्यंत लस नीट लागू होत नाही, म्हणून पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास देतात आणि पुढे तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत पुन्हा देतात. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनी. चाळीस दिवसांच्या पिल्लाचे "सगळे डोस" होऊच शकत नाहीत. तुमच्या हातातल्या पिल्लाचं वय खोटं आहे किंवा कार्ड खोटं आहे. बऱ्याचदा दोन्ही. पिल्लाच्या तोंडात बोट घालून बघतो तर दुधाचे दात नुकते फुटत असतात, म्हणजे ते चाळीस दिवसांचंही नसतं.

इतक्या लवकर विकायची घाई कशाला? महिन्याभराचं पिल्लू बाहुलीसारखं दिसतं आणि फोटोत खपतं. पुढचे चार आठवडे ठेवलं तर ते खातं, घाण करतं, त्याला खऱ्या लसी द्याव्या लागतात, आणि दरम्यान आई पुन्हा "मोकळी" व्हायची असते. पण याच आठवड्यांत पिल्लू आईकडून आणि भावंडांकडून शिकत असतं. किती जोरात चावायचं, कुठे थांबायचं, कशाला घाबरायचं नाही. हे शिकायच्या आत उचललेलं पिल्लू वर्षभराने घरातल्या मुलाला चावतं, आणि मग मालक मला विचारतो, "याला इंजेक्शन देऊन झोपवता येईल का?"

तोवर जगलं तर. घरी नेल्यावर आठवड्याच्या आत पिल्लू खाणं सोडतं, उलट्या, मग रक्ताची पातळ हगवण. त्या वासावरून दवाखान्यातला कंपाउंडरही दारातूनच "पार्व्हो" म्हणतो. लागण झाल्यापासून लक्षणं दिसायला तीन ते सात दिवस, कधी त्याहून जास्त लागतात, म्हणजे लागण शेडवरच झालेली असते किंवा वाटेत, ट्रॅव्हल्सच्या डिकीतल्या खोक्यात. मग सलाइन, इंजेक्शनं, दिवसरात्र जागरण. काही वाचतात. विकणाऱ्याला फोन केला की त्याचं उत्तर तयार असतं, "तुम्ही दूध पाजलं असेल." फारच तगादा लावला तर तो मोठ्या मनाने म्हणतो, "दुसरं पिल्लू देतो." पार्व्होचा विषाणू घरातल्या फरशीवर, चटईत, वाटीत महिनोन् महिने टिकतो. पातळ केलेल्या ब्लीचने सगळं घर धुतल्याशिवाय आणलेलं दुसरं पिल्लू त्याच फरशीवर त्याच वाटेने जातं. हे विकणाऱ्याला ठाऊक असतं.

इथे माझ्या व्यवसायबंधूंना दोन शब्द सुनावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. कोरी कार्डं शिक्के मारून गठ्ठ्याने कोण देतं, हे आपल्या जिल्ह्यात आपल्याला माहीत आहे. शेडवाला लस स्वतःच टोचतो, फ्रिजमध्ये ठेवलेली की खिडकीत, देव जाणे, आणि सही तुमची असते. "मी नाही दिलं तर दुसरा देईल" हे मला ऐकवू नका. हा धंदा जाळ्या आणि कुलपांवर चालत नाही, तुमच्या शिक्क्यावर चालतो. यापुढे नोंदणी क्रमांक असलेलं खोटं कार्ड माझ्या टेबलावर आलं, तर त्याचा फोटो राज्याच्या पशुवैद्यक परिषदेकडे तक्रारीसह जाईल. सही कुणाची आहे हे पाहून मी हात आखडता घेणार नाही.

आणि विकत घेणाऱ्यांनो, तुमची सुटका नाही. २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीत मुलाच्या मागेमागे जाणारा एक पग दिसला आणि गल्लोगल्ली पग आले. चपट्या नाकाच्या त्या जिवाला एप्रिलमध्ये श्वास घेता येत नाही, याचा विचार किती जणांनी केला? मग हस्की आले. बर्फात गाडी ओढणारं कुत्रं नागपूरच्या ४५ अंशांत ठेवायचं आणि चोवीस तास एसी लावतो म्हणून स्वतःचं कौतुक करून घ्यायचं. सध्या फ्रेंच बुलडॉगची हवा आहे. त्यांच्यातल्या बहुसंख्य माद्यांना सिझेरियनशिवाय पिल्लं होत नाहीत, इतकं आपण त्यांचं डोकं मोठं आणि कंबर अरुंद करून ठेवलंय. ज्या शेडवर सलाइनचा स्टँडही नाही, तिथे त्या पोटाचं काय होत असेल याचा अंदाज करा, आणि मग "ब्लू कलर मिळेल का" विचारा.

देशी जातींचं गाडं वेगळ्या दिशेला चाललंय असंही नाही. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये मुधोळ, राजपालयम, चिप्पीपराई वगैरे देशी कुत्र्यांची नावं घेतली, ते चांगलंच झालं. आपल्याकडच्या कारवानलाही त्यामुळे भाव आला. पण माळावर सशामागे सुटणारं हे कुत्रं टू बीएचकेत कोंडण्यासाठी शेडमध्ये काढलं, तर जात देशी असून त्या आईला काय फरक पडतो?

आणखी एक. शेडवर गेलात, अवस्था पाहून पोटात कालवलं, आणि "निदान याला तरी सोडवू" म्हणून पैसे मोजून पिल्लू घेऊन आलात, तर तुम्ही सोडवलं कुणाला? रिकामी झालेली जागा पुढच्या वेताने भरते, आणि आईचा पिंजरा तिथेच राहतो. पिल्लू तिथेच ठेवा, बाहेर या, फोटो आणि पत्त्यासह तक्रार करा. हे कठोर वाटेल.

मग चांगला ब्रीडर ओळखायचा कसा? मी लोकांना एकच गोष्ट करायला सांगतो, आई बघा. पिल्लाच्या जन्माच्या जागी जाऊन, पिल्लांसोबत. इंग्लंडमध्ये ल्युसी नावाच्या एका कुत्रीमुळे हे कायद्यात आलं. वेल्समधल्या अशाच शेडमधून २०१३ मध्ये सोडवलेली ती कॅव्हेलियर स्पॅनिअल. वेतांमागून वेतं देऊन कंबर वाकलेली. तिच्या नावाचा कायदा ६ एप्रिल २०२० पासून लागू झाला, आणि तिथल्या दुकानदारांना आणि दलालांना सहा महिन्यांखालचं पिल्लू विकता येईनासं झालं. गिऱ्हाईकाने थेट पैदास करणाऱ्याकडे जायचं आणि पिल्लू आईपाशीच बघायचं. आपल्याकडे तसा कायदा येईल तेव्हा येईल, तुम्हाला तसं वागायला कुणाची परवानगी लागत नाही.

"आई गावाला आहे", "आई आजारी आहे, इन्फेक्शन होईल", "पुलाखाली गाडीत आणून दाखवतो", ही सगळी उत्तरं म्हणजे नकार आहेत. लगेच निघा. दुसऱ्याच मादीला शेजारी बसवून आई म्हणून दाखवणारेही आहेत. खऱ्या आईचे सड भरलेले असतात, पिल्लं धावत तिच्या पोटाशी जातात, आणि तुम्ही पिल्लू उचललंत की तिची मान तुमच्याकडे वळते. उसन्या आईला काही घेणंदेणं नसतं.

चांगल्या ब्रीडरच्या घरात पिल्लांना मिक्सरचा आवाज, कुकरची शिट्टी, दाराची बेल सगळं ओळखीचं असतं. त्याच्याकडे एक किंवा दोनच जाती असतात आणि बऱ्याचदा पिल्लूच नसतं. तुम्हाला सहा महिने थांबायला सांगतो. तो तुमचीच उलटतपासणी घेतो. घरी दिवसभर कोण असतं, सोसायटीचं काय म्हणणं आहे, आधीचं कुत्रं कशाने गेलं. आईबापाच्या खुब्याचे एक्स-रे मागितले तर रागावत नाही, काढून दाखवतो. आणि सांभाळता आलं नाही तर रस्त्यावर सोडू नका, मला परत आणून द्या, असं लिहून देतो. असे लोक महाराष्ट्रात आहेत, थोडे आहेत, आणि शेडवाल्यांच्या स्वस्ताईपुढे तेच आधी बुडतात. केनेल क्लबचे कागद असले म्हणून हुरळून जाऊ नका. ते वंशावळ सांगतात, मादी कशी ठेवली ते सांगत नाहीत. "डबल बोन", "हेवी बोन", "टीकप" हे तर नुसते बाजारातले शब्द आहेत, त्यांना कुत्र्याच्या शरीरात जागा नाही. फोटो पाठवून आधी पैसे, मग पिंजऱ्याचे पैसे, मग विम्याचे पैसे मागणाऱ्यांकडे तर पिल्लूच नसतं.

पावती घ्या. पावती असेल तर ग्राहक आयोगाकडे जाता येतं. नसेल तर तुमचं मेलेलं पिल्लू कुणी विकलंच नव्हतं.

दसऱ्यानंतर माझ्या दवाखान्यात काय होईल ते आता सांगतो. उपचार कुठल्याही जनावराचे नाकारले जाणार नाहीत, मालक कुणीही असो. पण येणारं प्रत्येक नवं पिल्लू चिपसाठी स्कॅन होईल. चिप नसेल, वय आठ आठवड्यांच्या खाली असेल, पावती नसेल, तर केसपेपरवर दात पाहून काढलेलं खरं वय लिहिलं जाईल. मालकाने संमती दिली तर विकणाऱ्याचा फोन नंबर आणि पत्ताही लिहिला जाईल आणि तक्रार त्याच दिवशी जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे, राज्य मंडळाकडे आणि पोलीस ठाण्यात जाईल. मालकांनी संमती द्यावी, अशी मी आजच त्यांना विनंती करून ठेवतो. सिझेरियनला आलेल्या मादीच्या पोटावर आधीच्या टाक्यांचे व्रण दिसले, तर तेही फोटोसह कागदावर येतील. मालक ओळखीचा असला तरी, नगरसेवकाचा भाऊ असला तरी.

दसऱ्याच्या आधी एक सवलत आहे आणि ती पुन्हा मिळणार नाही. ज्यांना हा धंदा सोडायचा आहे त्यांनी आपल्या माद्या माझ्याकडे आणून द्याव्यात. मी नाव विचारणार नाही, किती वेतं झाली ते विचारणार नाही. नसबंदी, गोचीड तापाचे उपचार आणि पुढे घर शोधणं हे आमच्याकडे लागलं. दवाखाना सकाळी नऊ ते एक उघडा असतो. पिंजऱ्यासकट आणलीत तरी चालेल. पिंजरा परत मिळणार नाही.